उलट्या बाजूची बटणं

कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर मी दाजींची तब्येत विचारतो आणि तू म्हैस किती दूध देते ते सांगतेस, म्हणून कागदावर आलो. कानाचं मशीन कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हेही या निमित्तानं कळवतो.

माझं नवं खूळ तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या रंगीत स्लाइड्स भंगारातून गोळा करतो आणि स्कॅन करतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतली ती एवढीशी फिल्म. पूर्वी लोक भिंतीवर मोठी करून पाहुण्यांना जबरदस्तीनं दाखवायचे. आमची ही म्हणते की सख्ख्या चुलत्याच्या लग्नाचा अल्बम कधी उघडला नाही, आणि परक्याच्या बारशावरची धूळ पुसत बसलाय. तिला कसं सांगू, परके नातेवाईक जेवायला थांबत नाहीत.

गेल्या आठवड्यात उद्यमनगरातल्या भंगारात एक डबाभर सापडल्या. साल ऐंशीच्या आसपासचं. परदेशात राहिलेलं कुटुंब असावं, कारण मागच्या दुकानाच्या पाटीवर अरबी का कसली तरी पुसट अक्षरं आहेत. तीन दिवस भिंग घेऊन बसलो. बारा प्रिंट सोबत धाडतो. विसरायला लागल्यापासून दाजी घरचा अल्बम बघून चिडतात असं तुझी अनुजा सांगत होती. हे दाखवून बघ, निदान वेळ जाईल.

लोभ आहेच, वाढवलास तर सोसेन.
तुझा जोती

गारगोटी
२० जानेवारी

चि. जोतीरामास,
अनेक आशीर्वाद.

मशीन कानात घालून लिहिते आहे. झालं समाधान?

आपला अल्बम उघडला की आम्ही सगळे ह्यांच्याभोवती परीक्षकासारखे उभे. हा कोण, ही कोण, सांगा बघू. अनुजाचं बोट स्वतःच्याच लग्नाच्या फोटोवर, आणि हे घाम पुसत बसलेले. शेवटी एकदा अल्बम फेकला. माझं नाव तर दिवाळीपासून तोंडात नाही. ‘ओ बाई’ म्हणतात, आणि चहा दिला की हात जोडतात.

तुझ्या फोटोंचं मात्र कोणी काही विचारलंच नाही. उत्तर कुणाला ठाऊक होतं? मग हेच सांगत सुटले. ही आत्ती, हा तिचा थोरला, ह्यो लई खोडकर हाय. सायकलच्या दांडीवरची पिवळ्या फ्रॉकची पोरगी म्हणजे बाळाबाई. चाळीस वर्षांच्या संसारात हे नाव मी ऐकलेलं नाही. तरुण असते तर जाब विचारला असता. आता रोज चारला चटईवर फोटो मांडतात आणि तासभर खुशीत असतात. उठून रस्त्याला लागणं थांबलंय.

एका गड्यावर तेवढे भयंकर संतापलेत. गडी माणसाच्या शर्टाला बायकी बटणपट्टी कुठल्या शिंप्यानं लावली म्हणतात. मी बघितलं, तर सगळ्याच शर्टांची बटणं उलट्या बाजूला. बायकोचं नाव गेलं, पण बत्तीस वर्षं दुकानात शिवलेले शर्ट गेले नाहीत. तू काय उद्योग केलास ते बघ.

आणि आणखी असले तर धाड.
तुझी अक्का

कोल्हापूर
२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या वतीनं दाजींच्या पाया पड. स्लाइडची चकचकीत बाजू कुठली आणि मंद कुठली हे न बघता सगळा डबा मी उलटा स्कॅन केला होता. सुलटा करताच अरबी पाटी मराठी झाली: मुल्ला सायकल दुकान, कळंबा. तीन दिवस भिंगातून मी आपलीच अक्षरं परदेशी ठरवत होतो.

गेलो. दुकान नाही आता, पण चहाच्या गाडीवाल्यानं घर दाखवलं. दार शाहिस्ताताईंनी उघडलं. तुझ्याकडचा पिवळा फ्रॉक तो त्यांचा. आता पन्नाशीच्या आहेत. वडील महंमदभाई कुवेतहून कॅमेरा घेऊन आले होते. घर बदलताना माळ्यावरचा डबा शाहिस्ताताईंनीच रिकामा समजून स्वतःच्या हातानं भंगारात दिला. त्या सात वर्षांच्या असताना वारलेल्या आईचे, फातिमांचे, फोटो तेवढेच होते. बघितले आणि उंबऱ्यावरच बसल्या.

मग डोळे पुसून विचारलं की आमची आई आणखी कुणाकुणाच्या घरात फिरतीया, पावणं? आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढणारा तुझा भाऊ चपला शोधत उभा. सगळं परत मागितलंय त्यांनी, तुझे बारासुद्धा. दाजींचं मी बोललो नाही. आजारी माणूस पुढं करून त्यांची आई ठेवून घ्यायची, हे बरं दिसलं नसतं.

काय करू, तूच सांग.
जोती

गारगोटी
९ फेब्रुवारी

चि. जोतीरामास,
आशीर्वाद.

विचारायचं काय त्यात? ज्यांची आई त्यांना द्यायची. बाराही सोबत आहेत. एकाच्या कोपऱ्याला ह्यांच्या चहाचा डाग पडलाय, माझ्याकडून माफी माग.

काल चारला ह्यांनी चटई अंथरली आणि बाळाबाई शाळेतून अजून आली न्हाय का म्हणून विचारलं. मी आपला अल्बम पुढं केला. न उघडताच परत दिला, अगदी अदबीनं. आज दोनदा रस्त्याला लागले. फाटकाला कुलूप लावलंय.

तू मनाला लावून घेऊ नकोस.
अक्का

कोल्हापूर
१३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

फोटो पोचवले. शाहिस्ताताईंनी डागाचं विचारलं, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. बटणांपासून कुलपापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी गारगोटीची एसटी किती वाजता सुटते एवढंच विचारलं.

रविवारी येताहेत. स्वयंपाकाचा घाट घालू नकोस.
जोती

गारगोटी
१७ फेब्रुवारी

चि. जोतीरामास,
अनेक आशीर्वाद.

घाट घातला. तुझं कोण ऐकतंय.

शाहिस्ता पिवळी ओढणी घेऊन आली. मुद्दाम की सहज, ते मी विचारलं नाही. ह्यांच्यासमोर चटईवर बसली आणि मी बाळाबाई, असं आपणहून सांगितलं. ह्यांनी आधी चांगली झापली तिला, शाळा कवाच सुटली, इतका वेळ कुठं हुतीस म्हणून. मग तिनं पिशवीतून बारा फोटो काढून मांडले, नवे, सुलटे. ह्यांनी आधी त्या गड्याचा शर्ट तपासला आणि आता बराबर हाय म्हणाले.

पुढचा तासभर हे तिला तिच्याच आईबद्दल सांगत होते. आत्ती कशी हसायची, खीर कशी करायची, पोरं पडली की आधी मारायची आणि मग रडायची. सगळं ह्यांच्या मनचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला चुलीपाशी बोलावून मी माफी मागितली, तर पोरगी म्हणाली की राहू द्या मावशी, आईबद्दल एवढं कुणी कधी सांगितलंच नाही मला. फोटो ठेवून गेलीय. महिन्यातून एकदा येईन म्हणाली.

निघताना तिनं ह्यांचा फोटो काढायला मोबाइल धरला. ह्यांनी हात आडवा केला. दारात उभ्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, ह्या बाईंचाबी घ्या की. सगळ्यांचा हाय, ह्यांचाच न्हाय. दिवसभर हितं राबत्यात.

मी शेजारी बसले. ह्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर दोन बोटांनी सारखा केला, पूर्वी दुकानात नव्या कपड्याची शिवण बसवायचे तसा.

तो फोटो तिनं तुझ्याकडं धाडलाय. छापून लगेच पाठव, बाराच्यात मांडायचा आहे. मी कोण म्हणून आता कोणी विचारणार नाही ह्यांना.

आणि जोती, सुलटा छाप.

तुझी अक्का