कमिशनरला रिकामा पक्ष

२० जुलै १९४०, शनिवार

घेतला! मे महिन्यात देश घेतला, आता जर्मनांनी आमचा पक्षही घेतला. सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष — आमच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून उभा केलेला — आणि आज त्याच्यावर एक कमिशनर नेमला. तोही जर्मन नाही, आपलाच डच! म्हणे सगळं जसंच्या तसं राहील. सभासदांनी आपापल्या जागी राहावं आणि सहकार्य करावं.

सहकार्य! माझे लाकडी बूट करतील त्याच्याशी सहकार्य.

आणि माझा नवरा, सीम! तो झांडामच्या लोकभवनाचा रखवालदार. खाली पक्षाचं सभागृह, वर आमच्या दोन खोल्या. पक्ष सोडला की नोकरी गेली, नोकरी गेली की घर गेलं. मला काय हे कळत नाही? सगळं कळतं.

२१ जुलै, रविवार

सकाळपासून भांडण. सीम म्हणतो, "आत राहिलो तर काहीतरी वाचवता येईल. बाहेर पडलो की इमारत, वाचनालय, पोरांचा बँड, सगळं त्या कमिशनरच्या घशात."

मी म्हटलं, "आणि आत राहिलास की तूही त्याच्या घशात! उद्या तो खाली भाषण ठोकायला येईल. खुर्च्या कोण मांडणार? तू!"

मग म्हणाला, "आफ्ये, तुला बोलायला काय जातं?"

काय जातं! बिस्किटांच्या कारखान्यात संप केला तेव्हा नोकरी गेली माझी. तेव्हा फोरमननेही हेच विचारलं होतं. नवऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

२२ जुलै, सोमवार

कपडे धुतले. त्याच्याशी बोलले नाही. त्याची विजार मुद्दाम न पिळता वाळत टाकली.

२३ जुलै, मंगळवार

हार्मेनकाका आले. शाखेचे अध्यक्ष, सत्तरी उलटलेले. मला वाटलं, आता ठिणगी पडणार!

"बाहेर पडायचं, यात प्रश्नच नाही," म्हणाले. "आपण सगळे राजीनामे देऊ. राहू दे त्याला एकट्याला. पण रीतसर. सभा बोलवायची, ठराव, अनुमोदन, मतदान."

"अहो काका, सभाबंदी आहे!"

"म्हणून काय पक्षाची घटना मोडायची?"

कपाळावर हात मारला मी. घराला आग लागली तर ही माणसं बादली उचलायच्या आधी मतदान घेतील! पण खरं लिहू? मनातून बरंही वाटलं. तिकडे एक माणूस ओरडतो आणि सगळे टाचा आपटतात. आमच्यात अध्यक्षालासुद्धा अनुमोदक लागतो. लागू दे.

मी म्हटलं, "सभा नको. गुरुवारी माझा वाढदिवस आहे, सगळ्यांना बोलवते."

सीम म्हणाला, "तुझा तर नोव्हेंबरात—"

"गुरुवारी!"

२५ जुलै, गुरुवार

अजून हसू येतंय.

खोली गच्च भरली. भिंतीला पाठ लावून खुर्च्या गोलात, वाढदिवसाला असतात तशा. कॉफी रेशनच्या कुपनावर, म्हणून चिकोरीचं काळं पाणी. प्रत्येकाला एक बिस्किट आणि डबा बंद. वाढदिवस खोटा असला म्हणून काय रीत सोडायची? हार्मेनकाकांनी ठराव वाचला, ग्रीतने अनुमोदन दिलं. ग्रीत ओटच्या गिरणीत पोती उचलते, तिचं अनुमोदन रस्त्यापर्यंत ऐकू जातं. गेलंच! दारावर थाप. पोलीस. आमच्याच गल्लीतला वाउटर.

"इथे सभा चालू आहे अशी तक्रार आहे," म्हणाला.

सगळे गार. ग्रीत उठली. "सभा कसली रे मेल्या, आफ्येचा वाढदिवस आहे. अभिनंदन कर की!"

आता आला का पंचाईतीत! आमच्याकडे वाढदिवसाच्या घरात शिरलं की अख्ख्या गोलाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करावं लागतं. बिचारा फिरला. माझं अभिनंदन, सीमचं अभिनंदन, माझ्या बहिणीचं अभिनंदन, करता करता ग्रीतचंही. मग बसलाच! त्याच्यासाठी डबा परत उघडावा लागला. बिस्किट संपलं तरी हलेना.

हार्मेनकाकांना अर्धवट सभा सोसवेना. उभे राहिले. मला वाटलं, मेलो. "तर मघाशी जे सुचवलं," ते म्हणाले, "त्याच्या बाजूने कोण?"

सगळे हात वर.

"हे काय?" वाउटर.

"केक करायचा नाही असं ठरलं," ग्रीत म्हणाली. "साखर कुठाय?"

वाउटरने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. टोपी घातली. "मग मंजूर झालं म्हणा," म्हणाला आणि गेला. त्याची आई आमच्या महिला मंडळात होती.

सगळे हात वर होते. सीमचा सोडून. तो तेवढ्यात वाउटरच्या कपात कॉफी ओतत होता. दोन्ही हात गुंतलेले — सोयीचं!

२७ जुलै, शनिवार

दर शनिवारी मी पक्षाची वर्गणी घ्यायला दारोदार जाते. आज उलटं. आज सांगत फिरले, राजीनामा द्या. हार्मेनकाकांनी सुंदर मजकूर सांगितला होता. मी तो पहिल्याच दारात विसरले. "निघा बाहेर," एवढंच म्हणत गेले.

बहुतेकांना सांगावंच लागलं नाही. म्हाताऱ्या त्राइनने तर दारातच सही केली आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, बस आता आरशासमोर सभा घेत."

एकाने मात्र दार ओढून घेतलं. "आम्हाला पोरंबाळं आहेत, बाई."

"मला नाहीत म्हणून मी शूर का?" मी ओरडले. भर रस्त्यात. घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं. तो खोटं कुठे बोलला होता?

सीमला काहीच विचारलं नाही. त्याने जेवताना एवढंच विचारलं, "पाय दुखतायत?" दुखत होते. नाही म्हटलं.

३० जुलै, मंगळवार

आज कमिशनरचा माणूस मोटारीतून आला. बूट चकचकीत. मी जिन्यात उभी, जीव मुठीत धरून. सीम खाली एकटा.

"सभासद कुठे आहेत?" त्याने दरडावून विचारलं.

"वाढदिवसाला गेलेत," सीम म्हणाला.

"परत कधी येणार?"

"तुम्ही गेल्यावर."

आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आदळला! माझ्या सीमने! ज्याचा आवाज कधी चढत नाही त्याने! मग वर आला, खुर्चीत बसला. म्हणाला, "भांडी बांधायला घे, आफ्ये."

मी रडले. बाकी कशासाठी नाही, ती न पिळलेली विजार आठवून रडले.

३ ऑगस्ट, शनिवार

बहिणीच्या माळ्यावर. छप्पर एवढं खाली की सीमचं डोकं आपटतं आणि तो दर वेळी तुळईची माफी मागतो. नोकरी नाही. बघू.

आज रस्त्यात लोक टोपी उचलून सीमला नमस्कार करत होते. लोकभवनात दिवा लागतो, पण आत कुत्रं फिरकत नाही. बस म्हणावं त्या कमिशनरला! खुर्च्या तुझ्या, पक्ष आमचा. तू गेलास की याच नावाने परत उभा करू. मेलो तरी हे नाव पुसू देणार नाही. सीमच्या समोर मोठ्याने बोलले हे. तो म्हणाला, "नाही देणार."

१ फेब्रुवारी १९४६, शुक्रवार

युद्ध संपलं, लोकभवनात पुन्हा आमची सभा. हार्मेनकाका जर्मनांच्या छावणीतून परत आलेच नाहीत, त्यांच्या खुर्चीत आता सीम. चर्चवाले, उदारमतवादी, सगळ्यांना घेऊन नवा पक्ष निघतोय, नव्या नावाचा. त्यासाठी आमचा मोडायचा. ठराव सीमनेच वाचला. हात वर झाले, टाळ्याही झाल्या. मग त्याने विचारलं, "विरोधात कोण?" — खिडकीकडे बघत. माझा एकटीचा हात वर होता.