दाजींचं तळं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (या वेळी खरोखरच जमिनीवर पालथं पडून घालतोय असं समज, कारण पुढे कळेलच). तुझे गुडघे कसे आहेत? भाची आणि तिचं बाळ सुखरूप असतील. इकडे घर जागेवर आहे, कुंड्या जिवंत आहेत, स्वयंपाकघरातला गळका नळ मी दुरुस्त केला आणि तू अर्धवट विणून ठेवलेलं बाळाचं टोपडंही पूर्ण केलं (डोकं जरा चौकोनी असेल तर बसेल). जावईबापू पाळणा न्यायला आलेत. तो गाडीत मावेना म्हणून खाली त्यांची खटपट चालली आहे, तेवढ्यात हे लिहून त्यांच्या हाती देतो. फोन केला असता, पण तुझा फोन दाजीच उचलतात आणि सध्या त्यांचा आवाज ऐकला की मला घाम फुटतो. तेव्हा हे मोठ्यानं वाचू नकोस.

टीव्हीखाली दाजींचा तो जुनापुराणा गेम आहे ना, तलवारवाल्या वीराचा? घोड्यावरून हिंडायचं, गुहा धुंडाळायच्या आणि शेवटी किल्ल्यातल्या राक्षसाला मारून गाव सोडवायचं. तुम्ही गेल्यावर सहज लावून पाहिला. तर दाजींचा वीर तळ्याकाठी गळ टाकून बसलेला, शेजारी स्टुलावर एक म्हातारा कोळी. अंगात चिलखत, कमरेला भारीतली तलवार, समोर किल्ल्याचं दार सताड उघडं, आणि हा गडी मासे धरतोय. मला वाटलं, अडकले बिचारे. इतकी वर्षं खेळतायत आणि शेवटचा राक्षस काही मरेना. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, दुसऱ्याचं अर्धं शब्दकोडं दिसलं तरी माझे हात शिवशिवतात. म्हटलं, फुकट राहतोय, तेवढीच परतफेड. गेलो आत. डोळे मिटून बटणं बडवली तरी राक्षस आडवा झाला (मेहनत सगळी दाजींची, मी आयत्या बिळावरचा). मग गेमनं विचारलं, आधीचं पुसून हे जपून ठेवू का? मी हो म्हटलं, आणि वर स्वतःसाठी चहा टाकला.

परवा दाजींचा फोन आला. कुंड्यांची चौकशी झाल्यावर म्हणाले, घरी आलो की आधी तळ्यावर जाऊन बसणार. मी साळसूदपणे विचारलं, तो किल्ला का नाही घेऊन टाकत? तेव्हा कळलं. राक्षस मेला की गाव मोकळं होतं आणि सगळे आपापल्या वाटेनं निघून जातात, म्हातारासुद्धा. म्हणून दाजींनी ते दार मुद्दाम ओलांडलेलं नाही. दिवसभर ॲम्ब्युलन्सचे फोन घेणारा माणूस तो, प्रत्येक फोनवर कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला. त्यांना एक अशी जागा लागते जिथे कुणी हाका मारत नाही. म्हातारा एवढंच बोलतो म्हणे, बस, घाई नाही. मी फोन ठेवून धावत जाऊन पाहिलं. तळं होतं, काठावर नुसतं स्टूल होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून गेम पहिल्यापासून खेळतोय, दाजी यायच्या आत म्हाताऱ्यापर्यंत पोचायचं म्हणून. पण सुरुवातीला वीराच्या हातात असते एक काठी, आणि मला मधमाश्यासुद्धा मारतात. घोड्याचं तर विचारूच नकोस. मी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची पायाला सवय. घोडा विहिरीकडे उधळला की माझा पाय खाली आपटतो. तुझ्या टीपॉयचा पाय त्यातच मोडला (चिकटवलाय, पण त्यावर काही ठेवू नका). घोडा विहिरीत पडतो तो पडतोच. काल तर समोर लाल सिग्नल असताना शिकायला आलेल्या बाईंना मी उडी मारा म्हणालो. त्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांनी गाडी बाजूला घेऊन माझं ब्लड प्रेशर विचारलं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं काय सांगावं त्यांना?

ताई, थट्टा राहू दे, मला फार लाज वाटते. दाजींनी विश्वासानं घराची किल्ली दिली आणि मी त्यांची एवढीशी बसायची जागा मोडून टाकली. ते रागावले तरी परवडलं. पण ते असू दे म्हणतील आणि त्या रिकाम्या स्टुलाशेजारी गळ टाकून बसतील. ते माझ्यानं बघवणार नाही.

बाळाला गोड पापा, भाचीला आशीर्वाद, दाजींना काहीच सांगू नकोस.

तुझा,
नको तिथे हात घालणारा धाकटा

ता.क. खरं काम राहिलंच. दाजींना आणखी आठवडाभर तिकडेच अडकवून ठेव. बाळ त्यांच्याच मांडीवर झोपतं असं काहीतरी सांग, ते विरघळतील. मी अजून पहिल्याच गुहेत आहे.

ता.क. पुन्हा. पाकीट बंद करणार तेवढ्यात जावईबापू वर आले. पाळणा बसला. जाता जाता त्यांनी खिशातून गेमचं एक छोटं कार्ड काढून दिलं. दाजींनी पाठवलंय. घर माझ्या हवाली करायचं ठरलं त्याच दिवशी त्यांनी आपल्या खेळाची या कार्डावर नक्कल करून ठेवली आणि बरोबर नेली होती. निरोप असा, की हा पठ्ठ्या गेम संपवल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत होतं, त्याला म्हणावं जीव जाळून घेऊ नकोस. जावईबापूंसमोर मान वर करवेना. कार्ड लावून पाहिलं. म्हातारा आहे, गळ आहे, पाणी हलतंय. मी बसलो. बस, घाई नाही, म्हणाला. चांगला बसलो होतो गं, पण किल्ल्याचं दार समोरच उघडं होतं, आणि बघतो तर मी उठून निम्म्या वाटेवर पोचलो होतो. तेव्हा दाजींना अडकवू नकोस, येऊ दे लवकर. कार्ड याच पाकिटात घालून परत पाठवतोय. ते माझ्याजवळ ठेवू नका.