‘एंगेज्ड टोन’मधला माझा आऽऽ

३ सप्टेंबर, सोमवार
कीथचा फोन! आमचा जुना ग्रुप ‘पेल कॉरिडॉर’ पुन्हा उभा राहतोय. नोव्हेंबरात समुद्रकाठच्या स्केग्नेसच्या हॉलिडे कॅम्पमध्ये ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप्सचा वीकएंड आहे, त्यात शनिवार आमचा. म्हणाला, रॉन, तुझ्याशिवाय फोटोत मजा नाही. बिचाऱ्याला अजूनही मनातलं सरळ बोलता येत नाही. फोटो म्हणजे माझा आवाज, ते मला बरोबर कळलं.

थेरेसाला सांगितलं. सख्खी बहीण, पण म्हणाली काय, तर अगं, ते सगळं गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी की नंतर?

४ सप्टेंबर, सकाळ
आजपासून चीज बंद. दूध बंद. सकाळी सातला गळ्याचा रियाज, पाऊस असो वा थंडी. आमच्या ‘एंगेज्ड टोन’ गाण्यात मला शब्द नाहीत. नुसता वर वर चढत जाणारा आऽऽ, चार वेळा. पण अख्खं गाणं त्यावर उभं आहे. मुख्य गायक म्हणून ग्रॅहम पुढे उभा राहून जे करायचा, ते गाणं नव्हतं, कपाळाला आठ्या घालून केलेलं बोलणं होतं. चार्टमध्ये एकतिसाव्या नंबरापर्यंत गेलो ते माझ्या आऽऽमुळे. आमच्या शेफील्डमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर कुणी म्हणालं नाही, कारण यॉर्कशरची माणसं, तोंडावर कौतुक करणं त्यांच्या रक्तात नाही.

संध्याकाळ. चीज-टोस्ट खाल्ला. उद्यापासून बंद.

११ सप्टेंबर
रियाज साडेआठला. शेजारचे मिस्टर क्रॅबट्री दार ठोठावत आले. म्हणाले, बाई, तुम्ही बाथटबमध्ये अडकलात का, कुणाला बोलावू का? मी म्हटलं, मी गातेय. म्हणाले, असं होय, मग ठीक आहे. पण गेले नाहीत, जरा वेळ खात्री करत उभे राहिले. थेरेसा जिन्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली.

लोकांच्या कानाची सवय गेलीय. आवाज मोठा झाला की तो घरात मावत नाही, इतकंच.

२२ सप्टेंबर, शनिवार
कीथच्या गॅरेजमध्ये पहिली प्रॅक्टिस. किती बदललंय सगळं! कटलरीच्या बंद कारखान्यात, वरच्या मजल्यावर, हातमोजे घालून वाजवायचो आम्ही. सिंथेसायझरची मशीनं थंड असली की एका सुरात वाजायची, गरम झाली की दुसऱ्याच. कीथ त्यांच्यावर ब्लँकेट घालायचा. माझ्यावर नाही घातलं कधी. आता सगळं एका लॅपटॉपमध्ये.

त्याने एक बटण दाबलं आणि माझा आऽऽ आला. तेविसाव्या वर्षीचा. त्याच्या आईच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलेला, तिथे आवाज छान घुमायचा म्हणून. मला सर्दी झाली तर हाताशी असावा, म्हणून तेव्हा डिस्कवर ठेवला होता. त्या काळी सगळेच ग्रुप ठेवायचे. कॉन्व्हेंटमधून नुकती बाहेर पडलेली मुलगी वाटत होती. किती स्वच्छ! पण अनुभव नाही आवाजात.

मग मी गायले. ग्रॅहम बुटांकडे बघत होता, भारावला असावा. कीथ म्हणाला, रॉन, आवाज थोडा खाली आलाय गं. मी म्हटलं, मग गाणं खाली घे. तो म्हणाला, खाली घेतलं तर ग्रॅहमचा आवाज तळघरात जाईल. आपला जुनाच आवाज वापरू ना, तू नुसती उभी राहा. मी ठणकावून सांगितलं, मी स्वतः गाणार, नाहीतर येणार नाही. कीथ ग्रॅहमकडे बघून म्हणाला, बरं बाई, देतो तुला माइक.

तर हे असं असतं. माणसाने आपला आब राखला की ऐकतात.

६ ऑक्टोबर
रियाज नाही. धुकं. या हवेत मोठमोठ्या गायिकासुद्धा गळा वापरत नाहीत.

काळा ड्रेस सापडला. चढतो. चेन बसत नाही, पण पाठ प्रेक्षकांकडे थोडीच असणार? पुढच्या टूरला नवा शिवून घेईन.

२९ ऑक्टोबर
मुलाखतीत काय बोलायचं, ते आरशासमोर ठरवलं. सिस्टर फिडेलिसचं नाव आधी घ्यायचं. शाळेच्या क्वायरमध्ये ती माझ्या पोटावर भजनांचं पुस्तक ठेवायची, श्वास कुठून घ्यायचा ते कळावं म्हणून. मग म्हणायचं की इतकी वर्षं डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसले, पण संगीत आत चालूच होतं. थेरेसा दारातून म्हणाली, आत चालू होतं ते ठीक होतं गं, बाहेर का काढलंस?

१८ नोव्हेंबर, रविवार सकाळ, स्केग्नेस
काय लिहू!

हॉल भरलेला. टकलावर रंगीत विग घातलेले पुरुष, हातात बिअर. पहिला आऽऽ आला. मी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि समोरच्या स्पीकरमधून आला तो माझा आवाज! तोच! तेविसाव्या वर्षीचा! मीच चकित. इतक्या आठवड्यांच्या मेहनतीचं फळ. तिसऱ्या आऽऽला चक्क ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी सूर तुटला नाही. याला म्हणतात पोटातला श्वास. लोक वेडे झाले. एक बाई पुढे रडत होती.

कीथने नंतर पाठीवर थाप मारली. नजर मात्र चुकवली. हळवा आहे.

१९ नोव्हेंबर
थेरेसाने फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मी नको म्हणत होते, पण तिने तो टीव्हीवर मोठा करून लावला. मी खोकतेय, कमरेत वाकून खोकतेय, आणि वरून आवाज चाललाय, देवदूतासारखा. नंतर मी तोंड मिटलं तरीही चाललाय.

थेरेसा आज हसली नाही. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

२० नोव्हेंबर
कीथला फोन. माइक चालू होता का? म्हणाला, कार्यक्रमाआधी साउंडचेकला होता. मग म्हणाला, अगं रॉन, आपण पहिल्यापासून तेच करतोय. तेव्हा जर्मनीच्या टूरवरही तेच केलं. मला वाटलं, तुला माहीत होतं.

तिथे हॅम्बर्गमध्ये माझ्या आऽऽला लोक उभे राहिले होते.

पण विचार केला तर आवाज माझाच आहे. म्हणजे गायले मीच. फक्त आधी गायले.

३ डिसेंबर
पुढच्या वर्षी सहा कॅम्प ठरलेत. कीथ खूप घुटमळला. शेवटी म्हणाला, टिली नावाची एक पोरगी मिळालीय, ती तुझ्या जागी उभी राहील. वेळेवर तोंड उघडते. तिचे ओठ तुझ्या आवाजाला जास्त शोभतात, म्हणाला. तू तिला एक दिवस शिकव ना, कुठे श्वास घ्यायचा ते.

हो म्हटलं. ही बढतीच आहे. प्रत्येक मोठ्या ग्रुपला असा एक अनुभवी माणूस लागतो.

१२ जानेवारी, शनिवार
टिलीला शिकवलं. गोड मुलगी. तेवीस वर्षांची. तिसऱ्या आऽऽआधी खांदे न उचलता श्वास कसा घ्यायचा, ते दाखवलं. लगेच जमलं. लॅपटॉप चालू केला, ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि माझंही तोंड आपोआप उघडलं.

नंतर मी विचारलं, हा आवाज कुणाचा, तुला माहीत आहे ना? म्हणाली, हो, कीथनं सांगितलंय, कुणाचाच नाही, त्या जुन्या मशीनमध्ये तो कंपनीकडूनच भरून यायचा. मग म्हणाली, कशाला विचारलंत हो?

मी म्हटलं, सहज.