वाळूवरच्या होडीतला दिवा

मुरबे

प्रिय मेहुल,

पत्र बघून हसशील. मेसेज टाकायचा सोडून ही बाई कागद कशाला काळे करतेय, म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आमच्या घरात हळू बोललेलंच सगळ्यांत आधी ऐकू जातं. तेव्हा चहा घेऊन बस आणि मधे बोलू नकोस.

आधी घरची खबर. मी बोईसरच्या कारखान्यात परत लागले, तेच सर्किट बोर्ड जोडायचं काम. सगळे माझ्याशी इतकं जपून बोलतात की वैताग येतो. सासूबाई दुसऱ्यांच्या होडीवरची मासळी घेऊन पालघरला विकायला बसतात. स्वतःच्या होडीचे बोंबील तोऱ्यात विकणारी बाई आता दुसऱ्याची टोपली कधी किनाऱ्याला लागते म्हणून ताटकळते, ते मला बघवत नाही. रूपेश मोटारसायकलच्या अपघातात गेला त्याला आता वर्ष होईल, आणि त्याच्या बाबांनी तेव्हापासून होडी पाण्यात लोटलेली नाही. घरासमोर वाळूवर टेकू लावून उभी आहे. उन्हानं फळ्यांना भेगा पडल्यात. आपला खलाशी जिवल्या बरेच दिवस थांबला, मग दातिवऱ्याच्या एका होडीवर गेला. जाताना बाबांच्या पाया पडून म्हणाला, "होडी काडाल तवा बोलवा, मी येन."

होडी का निघत नाही, ते आता सांगते. आपला डबा आठवतो ना? आयटीआयत असताना आपण तिघांनी बनवलेला. प्रोग्रॅम तुझा, सोल्डरिंग माझं आणि बडबड रूपेशची. पाण्याखालच्या खडकावर जाळं फाटलं की बाबा त्याला जागा ध्यानात ठेवायला सांगायचे आणि तो पठ्ठ्या विसरायचा, म्हणून होडी कुठं कुठं गेली ते जीपीएसवरून आपोआप लिहून ठेवणारं यंत्र त्याला हवं होतं. खाऱ्या हवेत कार्डाच्या पिना गंजतात, म्हणून नखाएवढी मेमरीची चिप मी बोर्डावरच पक्की बसवली. सासूबाईंचा जेवणाचा डबा पळवून त्यात सगळं बंद केलं. प्रत्येक नोंद लिहिली की हिरवा दिवा लुकलुकायचा. मेमरी भरली की काय करायचं यावरून तुमचं किती वाजलं होतं! तू म्हणालास, लिहिणं थांबवू. रूपेश म्हणाला, सगळ्यांत जुनं पुसत जाऊ. "मासा काय त्याच जागी बसून रातो? जुनं जाऊ दे." शेवटी त्याचंच खरं झालं. त्याच्यापुढे आपलं कधी चाललं होतं?

लग्नानंतर त्यानं मला एकदा होडीतून नेलं होतं. माझी चप्पल पाण्यात पडली तर त्यानं एवढी मोठी होडी वळवली, एका चपलेसाठी. बाबा खूप बोलले. घरी येऊन त्यानं मला लॅपटॉपवर दाखवलं, सरळ रेघेत मधेच एक गाठ पडली होती. म्हणाला, ही तुझी चप्पल. मी त्या गाठीवर बोट ठेवून कितीतरी वेळ हसत होते. चप्पल सापडली नाही, ते वेगळंच.

तो गेल्यावर बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा होडीत चढले आणि त्यांनी मेन स्विच लावला. दिवा लुकलुकला. त्यानंतर त्यांनी तो विझू दिला नाही. एक बॅटरी होडीत आणि दुसरी घरात चार्जिंगला. उतरायला आली की ती खांद्यावर घेऊन वाळू तुडवत जायचे, बदलून यायचे. पावसातही. कुणी काही म्हटलं तर एकच, "त्याचं काम चालू हाय." होडी मात्र काढायची नाही, कारण जुनं पुसलं जातं ते रूपेशनंच त्यांना सांगितलं होतं. नवीन फेरी झाली की पोराची एक फेरी जाणार. होडी हललीच नाही, तर नवीन काय लिहिलं जाणार? असा त्यांचा हिशेब. मला आधी हे कळलंच नाही रे. मी त्या होडीकडे फिरकतच नव्हते. खिडकीतून दिवा दिसायचा आणि मला वाटायचं, बरं आहे, म्हाताऱ्याला काहीतरी विरंगुळा.

तुला कळलं असेल आता. कळलंच असेल.

परवा बाबा म्हणाले, "वरीस व्हायच्या आदी एकदा तो कुटं कुटं गेलता ते दाव." मी लॅपटॉप घेऊन होडीत गेले, केबल लावली. समुद्रात एकही रेघ नव्हती. एकही नाही. सगळ्या नोंदी वाळूवरच्या. होडी उभी असली तरी डबा आपला लिहीतच होता, हीच जागा, पुन्हा हीच जागा, आणि रूपेशच्या फेऱ्या एकेक करून पुसत होता. माझी गाठही गेली. वर्षभर बाबांनी खांद्यावरून बॅटऱ्या वाहिल्या त्या यासाठी. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण बाबा वाकून बघत होते. समुद्रातल्या फेऱ्या कुठं, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा त्या आत खोल आहेत, मेहुललाच काढता येतात, असं काहीतरी बोलून गेले.

यंत्र एका जागी उभं असलं तरी जीपीएसला त्याची जागा थोडी थोडी सरकलेली दिसते, हे तू आणि मी शिकलोय. त्यामुळे होडीभोवती रेघांचा नुसता गुंता झाला होता आणि त्यातल्या काही रेघा आमच्या पडवीपर्यंत येऊन परत गेल्या होत्या. बाबांनी त्यावर बोट ठेवलं. सासूबाईंना हाक मारली. "नलू, इकडं ये, बग. घरी येऊन जातो." तेव्हापासून सासूबाई पडवीच्या दाराला कडी घालत नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, ते. आजूबाजूच्या होड्या पाण्यात गेल्यात. आमची अजून एक उन्हाळा वाळूवर राहिली तर ती होडी राहणार नाही, आणि होडीमागून बाबाही. काल मी धीर करून म्हटलं, डबा बंद करूया. ते म्हणाले, "मेहुल बोलला तरच." म्हणून तू ये. त्यांना खरं सांगू नकोस. सांग, चिप काठोकाठ भरली, आता चालू ठेवली तर आतलं पुसायला लागेल, म्हणून बंद करून घरात ठेवायची. सांग, रूपेशच्या सगळ्या फेऱ्या आत सुखरूप आहेत, होडी खुशाल काढा. तुझ्या हातानं तो स्विच पाड. फक्त हे सांगताना माझ्याकडे बघू नकोस. आत काय आहे ते मी पाहिलंय, तरी तुझ्या तोंडून ऐकलं तर मीही खरं मानीन.

तुम्हा दोघांची,
प्रियंका