नवमीची सवाष्ण

२ ऑगस्ट, शनिवार

पोचले एकदाची! नाशिकच्या बँकेतल्या कॅश काउंटरवरून थेट दुबईच्या अल कुसैसमध्ये, तेही चौतिसाव्या वर्षी, बिजवर नवरा आणि आठ वर्षांची तयार लेक पदरात घेऊन. आत्या म्हणायची, मिहिकाचं लग्न आता देवच जमवील. त्याने जमवलं. उशिरा जमवलं, पण टू बेडरूम आणि पार्किंगसकट.

शार्दूल विमानतळावर मोगऱ्याचा गजरा घेऊन उभा होता. बाहेर भट्टी पेटलेली, गजरा मात्र गार. शुभ्राने मला ‘हाय मिहिका आंटी’ केलं आणि माझी छोटी बॅग ओढत पुढे निघाली. आंटी तर आंटी! दिवाळीच्या आत तिच्या तोंडून ‘आई’ काढून घेतली नाही, तर नाव बदलीन.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ऐसपैस, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, फ्रीज माझ्यापेक्षा उंच. हॉलमध्ये मुग्धाचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. शार्दूल अवघडून म्हणाला, तुला नको असेल तर आत लावू. मी मोठ्या मनाने म्हटलं, राहू दे की. दोन वर्षांपूर्वी वादळात गेलेल्या बाईशी माझं काय भांडण?

३० ऑगस्ट, शनिवार

भांडण आहे. लपवून काय करू, मला तिचा हेवा वाटतो.

आज शेजारच्या शर्वाणीकडे गणपतीचं जेवण होतं. मोदक पानात पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग कुणीतरी म्हणालं, मुग्धाच्या मोदकाला एकवीस कळ्या असायच्या. झालं! गाडी मोदकावरून वादळावर आली. त्या एप्रिलच्या दुपारी शारजाच्या बाजूने एकामागून एक तीन टोर्नेडो आले, आकाश हिरवं पडलं, पार्किंगच्या शेडचे पत्रे उडाले. प्रत्येकाकडे आपापली गोष्ट. शार्दूल तेव्हा करामाच्या ऑफिसात अडकलेला. शर्वाणी सांगत होती, मुग्धाने मजल्यावरच्या सात जणांना आपल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये कोंबलं, मुलांना गाणी म्हणायला लावली, आणि सगळे वाचले. तीच एकटी, तिसरं वादळ डोक्यावर असताना, शुभ्राला शर्वाणीच्या मांडीवर ठेवून दार उघडून खाली गेली. का गेली, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. पार्किंगमध्ये पत्र्याखाली सापडली.

सगळ्यांचे डोळे भरले. शार्दूल उठून बाल्कनीत गेला. मी एकटी कोरडी, तुपाची वाटी हातात धरून बसलेले. मी तेव्हा नाशिकला नोटा मोजत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मनात आलं आणि लगेच जीभ चावली. पण खरं लिहायचं तर मला त्या वादळाचाही हेवा वाटला. ते या सगळ्यांचं आहे आणि माझं नाही.

आणि शुभ्रा. दिवसभर फाडफाड इंग्रजी बोलणारी ही पोर रोज सकाळी शाळेला निघताना फोटोपुढे थांबून ‘येते, आई’ म्हणते. तिच्या तोंडून मी ऐकलेलं मराठी तेवढंच. मी दारात डबा घेऊन उभी असते. मला ‘बाय आंटी’.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

सासूबाईंनी पुण्याहून आठवडाभर आधीच फोनवर बजावलं होतं. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालायची, साडी देऊन ओटी भरायची. सवाष्ण बाहेरची हवी, घरच्या बाईने त्या पाटावर बसायचं नाही. शर्वाणी हाफ डे टाकून येणार होती.

साडी काल शार्दूलने मीनाबाजारातून स्वतः निवडून आणली. पोपटी, जांभळ्या काठाची. घडी उलगडून काठावरून हात फिरवत म्हणाला, तिला पोपटी फार खुलायचा. मला कुठला रंग खुलतो हे त्याला विचारून बघा! माझ्या लग्नाच्या साड्या त्याने फोनवरून घेतल्या, ‘यू सिलेक्ट, बजेटचं टेन्शन घेऊ नको’ म्हणून.

सकाळपासून खीर, वडे, पुरण, आमसुलाची चटणी केली. केळीचं पान मांडलं. त्या रिकाम्या पाटाकडे बघता बघता हिशेब मांडत गेले. नवरा तिचा, मुलगी तिची, भिंत तिची. आता रांधायचं मी, आणि जेवायचं तिच्या मैत्रिणीने! शर्वाणीला फोन करून सांगितलं, करामाच्या एक बाई मिळाल्यात, तू रजा वाया घालवू नकोस. मग पोपटी साडी नेसले, स्वतःच्या हाताने कुंकू लावलं आणि पाटावर बसून पोटभर जेवले.

पुरण छान झालं होतं. शार्दूलला सांगितलं, बाई तृप्त होऊन गेल्या. साडी माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

वरच्या मजल्यावर सफा नावाची हैदराबादची टीचर नवीन राहायला आली आहे. लिफ्टमध्ये तिने विचारलं, आप थे क्या उस तूफान में? मी सरळ थाप मारली. हो, इथेच होते, बाथरूममध्ये, सगळ्यांना घेऊन. आणि मग मला थांबताच येईना. निळी उलटी बादली, शुभ्राच्या ओल्या केसांचा वास, शर्वाणीची दारात चेमटून फुटलेली हिरवी बांगडी, तिचं रक्त माझ्या ओढणीला. सफाने ‘या अल्ला’ म्हणत माझा हात धरला.

संध्याकाळी शर्वाणीला सहज विचारलं, तुझी बांगडी फुटली होती का गं त्या दिवशी? ती पांढरीफटक पडली. मनगटावरचा वण दाखवला. म्हणाली, हे फक्त मुग्धाला माहीत होतं.

मी घाबरायला हवं होतं. मी खूष झाले. आता वादळ माझंही आहे.

२७ सप्टेंबर

रोज येतं. दुपारी तीन वीसला, काल जिथे थांबलं तिथून पुढे. आधी कानांना दडे बसतात, मग वारा.

आज शार्दूलचा त्या दिवशीचा फोन ऐकला. चिमणे, घाबरू नकोस, मी निघालोच. चिमणे! मला दोन महिन्यांत साधं ‘अगं’सुद्धा नीट म्हणाला नाही. जेवताना मी त्याला म्हटलं, मला एकदा चिमणे म्हण. त्याच्या हातातला घास पानात पडला. हे तुला कोणी सांगितलं, असं त्याने तीनदा विचारलं.

मी त्याच्या पानात दुसरी पोळी वाढली. मलाही थोडं काहीतरी माझं असू दे.

४ ऑक्टोबर

हे कुठे चाललंय ते आज लक्षात आलं. तिच्या आठवणी संपतात कुठे, ते मला ठाऊक आहे.

सासूबाईंना फोन केला. पाटावर कोण बसलं ते खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, तिथून नीघ, आणि निघेपर्यंत दुपारी खाली उतरू नकोस.

शार्दूलने ऐकून घेतलं. विश्वास नाही बसला, पण घाबरला. ऑडिट चालू आहे, गुरुवारचं तिकीट काढतो, इन्शाल्ला, म्हणाला.

गुरुवार नऊ तारखेला आहे.

६ ऑक्टोबर

तिसरं आलं. दार थरथरतंय. शुभ्रा शर्वाणीच्या मांडीवर. मी — ती — कडीकडे हात —

बाहेर लख्ख ऊन आहे. समोरच्या बाल्कनीतले कपडे हलतसुद्धा नाहीत.

७ ऑक्टोबर

का गेली ते कळलं.

खालून हाक आली. आई. आवाज शुभ्राचा. आणि शुभ्रा समोर, मांडीवर, तोंड मिटून. मुग्धाने पाहिलं तिच्याकडे. नीट पाहिलं. तरी कडी काढली.

वेडी. पोर समोर बसलेली असताना —

मी नसते गेले. मला कोण मारणार आहे अशी हाक?

८ ऑक्टोबर, तीन दहा

उद्याचं तिकीट आलं. बॅगा भरल्या. शार्दूल चारपर्यंत येतो म्हणालाय. शुभ्रा शाळेतून आली, समोर गणितं करतेय. लिहीत बसते. लिहिताना उठता येत नाही.

तीन वीस. कान —

वारा. पडदा स्थिर आहे. वारा —

हाक आली.

आई.

जिन्याच्या तळातून. मी शुभ्राच्या ओठांकडे बघतेय. मिटलेले आहेत. पेन्सिल थांबली आहे. तिलाही ऐकू —

परत. आई, ये ना गं.

माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. खाली ती नाही. खाली पार्किंग आहे, ऊन आहे, आणि —

आई.

शुभ्राने माझा हात धरलाय. वही ओढतेय. रडतेय. डोन्ट गो म्हणतेय. डोन्ट गो, मिहिका आंटी, प्लीज —

आंटी.

खालून आई म्हणतंय. मला. मुग्धाला नाही, मला, नाव घेऊन — मिहिका आई —

आले गं बाळा, आले, एवढं दार —