आठापैकी किती

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजून बावीस मिनिटं. गच्चीच्या दाराला कुलूप!

नवंकोरं, माझ्या मुठीएवढं. कालपर्यंत नव्हतं. नोटीस नाही, विचारणं नाही. मी चार जिने चढून गेलेली, गुडघा धरून. साडेआठ त्या बंद दारासमोर वाजले. दाराच्या फटीतून आभाळाची एक दोरी दिसत होती. पांढरी की राखाडी, तेही कळेना.

तशीच खाली उतरून सेक्रेटरीचं दार वाजवलं. तोंडात दात घासायचा ब्रश! याचं चष्म्याचं दुकान आहे. गावाला नजर विकतो आणि माझं आभाळ बंद करतो.

"काकू, वर सोलर पॅनेल बसवलीत. तारेत पाय अडकून कोणी पडलं तर निस्तरायचं कोणी?"

"वेधशाळेच्या लोखंडी शिडीवर चौतीस वर्षं चढले-उतरले. तेव्हा नाही पडले, आता तुझ्या तारेत पडू?"

"मग लेखी अर्ज द्या. कारण लिहा. समितीपुढे ठेवतो."

लेखी! देते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अर्ज दिला. तीन परिच्छेद, एक खाडाखोड नाही. 'अर्जदार निवृत्त वेध-निरीक्षक असून रोज सकाळी साडेआठ वाजता आकाशाची नोंद घेते व ती आपल्या ब्लॉगवर प्रसिद्ध करते. सबब गच्चीची एक किल्ली मिळावी.'

संध्याकाळी जिन्यात गाठलं त्यानं. हातात फोन. "काकू, पाहिला तुमचा ब्लॉग. 'आठापैकी किती'. नाव झकास आहे हो. पण शेवटची नोंद चौदा मार्चची! दुकान बंद पडून सात महिने झाले, आणि मालकीणबाई म्हणतात शटरची किल्ली द्या?"

मी कठडा धरून दोन पायऱ्या चढले.

"पंधरा दिवस रोज लिहून दाखवा, मग बघू," म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला.

सात महिने एकवीस दिवस. त्यालाही नीट मोजता आलं नाही.

मंगळवार, तोच, झोपण्याआधी

सात महिने मी वर जात होते हे त्याला काय माहीत! एकही सकाळ चुकवली नाही. पाहत होते. लिहीत नव्हते, एवढंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहायला बसले. 'आज सकाळी' — खोडलं. 'बऱ्याच दिवसांनी' — खोडलं. 'माझ्या प्रिय वाचकहो' — शी!

तीन तास गेले. चहा दोनदा गार झाला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भाचीचा फोन. ताईची मुलगी, ब्लॉग तिनंच काढून दिला होता. सगळं ऐकून पोट धरून हसली. मग म्हणाली, "मावशी, असं अडलं की त्यावर उपाय असतात गं. दहा आहेत. वाचून दाखवू?"

दाखव म्हटलं. पहिला: रोज लिहायची एक वेळ ठरवा. मला? जिची अख्खी हयात साडेआठवर टांगलेली, तिला? दुसरा: छान जागा निवडा. निवडली होती, तिला कुलूप घातलंय. तिसरा: आकड्यांकडे पाहू नका. माझे वाचक अकरा. पाहायचं म्हटलं तरी एका नजरेत संपतात.

"चौथा," ती म्हणाली, "एकाच माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहा."

पाचवा तिनं वाचलाच नाही. मग तिनं विषय बदलला, मी फोन ठेवला.

माझा तो एक माणूस तिची आई होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळाची एक पट्टी दिसते. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि आमची भिंत यांच्यामधली. दोन वीत रुंद. यावर नोंद करता येत नाही. नोंदीला सगळं आभाळ लागतं, कडेपासून कडेपर्यंत. मनात त्याचे आठ सारखे तुकडे करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. पट्टीचे आठ तुकडे म्हणजे टीचभर कापडातून झगा बेतणं.

पण उभी राहिले. ओट्यावर कोपर टेकून. एक केसाळ ढग आला. (कचेरीत त्यांना लांबलचक परदेशी नावं होती. ताईनं आणि मी लहानपणी ठेवलेली नावं वेगळी: केसाळ, उशी, घोंगडी, विस्कटलेली वेणी.) टाकीमागून निघाला, पट्टीतून गेला, भिंतीमागे दिसेनासा झाला. चार मिनिटं लागली त्याला. भिंतीमागे गेल्यावरही मला तो जाताना दिसत राहिला, हॉलवरून, पलंगावरून, कपाटावरून. माझ्या घरावरून जाताना मी कधी ढग पाहिलाच नव्हता. गच्चीवर घर पायाखाली असतं ना.

हे लिहिलं आणि प्रसिद्ध केलं. आठ ओळी. शेवटी: 'आठापैकी किती — सांगता येत नाही. पट्टीपुरतं पाहिलं.'

रविवार, ९ नोव्हेंबर

वाचक परत आले! म्हणजे दोन. पण त्यांतला एक 'हं'!

हा एक वाचक आहे. फेब्रुवारीत उगवला. नाव 'हं', आणि नोंदीखाली लिहायचंही एवढंच: हं. कधी जास्त नाही, कधी कमी नाही. कोणी निवृत्त गृहस्थ असावेत, बायकोला हो ला हो करून भाषा एवढीच उरलेली. काल रात्री पट्टीच्या नोंदीखाली आलं: 'हं.'

अख्खी सकाळ मी गुणगुणत होते. लाज वाटते सांगायला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिहिलं. कालही. आज पट्टीत नुसता रंग होता. पाण्यात निळीची पुरचुंडी एकदाच बुचकळून काढावी, तेवढा.

सेक्रेटरी जिन्यात: "काकू, चार झाले. अकरा बाकी." मोजतोय मेला! म्हणजे वाचतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुपारी डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. वेधशाळेतलं माझं लांब टेबल, त्यावर नोंदवही. पान उलटलं तर कागद नाही, आभाळच, ओलसर, बोटाला गार लागणारं. प्रत्येक तारखेचं आपापलं. मी पानं उलटतेय आणि खोलीत वारा सुटतोय. एका पानावर उशा, एका पानावर घोंगडी. एका पानातून पाखरं उडून थेट छताला गेली. ताई टेबलापलीकडे बसलेली, फ्रॉकमध्ये, पाय हलवत. ती विचारतेय, "आठापैकी किती?" आणि मी सांगतेय, पान उलटतेय, सांगतेय. मग मार्च आला. पानं जड झाली. तेरा तारीख. पुढचं पान उचलेना, चिकटलेलं होतं. ताई म्हणाली, "राहू दे गं."

जागी झाले तेव्हा खिडकीतली पट्टी गुलाबी झाली होती. मी बराच वेळ हललेच नाही. उठले असते तर खोली आपल्या जागी गेली असती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज आठ महिने. आता निदान या पानाला तरी सांगते.

ताईच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं ती तेवीस दिवस होती. रोज सकाळी मी इस्पितळाच्या दारात जाऊन आभाळ पाहून यायचे, तिच्याजवळ बसून फोनवर लिहायचे, तिला वाचून दाखवायचे. ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सक्तीनं ऐकायला लावायची. डॉक्टर असो की झाडूवाली. "थांबा जरा, माझ्या बहिणीचं आभाळ ऐकून जा!"

चौदाला सकाळी तिचा श्वास बदलला होता. आदल्या संध्याकाळपासून मी खोलीतून हलले नव्हते. साडेआठ वाजले. तिनं डोळे उघडले. "आठापैकी किती?"

दारापर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती. तेवढ्यात ती गेली तर?

"शून्य," मी म्हणाले. "निरभ्र."

"कसं निळं?"

मग मी सांगतच सुटले. धुतलेलं, वाळत घातलेलं, एक घार अगदी वर, हलत नाहीये. लिहिलंसुद्धा. प्रसिद्धसुद्धा केलं, कारण फोनवर ते झालेलं पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. माझ्या पाठीमागे नर्स काहीतरी करत होती, केसांच्या बुचड्यात पेन खोचलेली ती. मी वळूनही पाहिलं नाही. मग खुर्चीतच दहा मिनिटं माझा डोळा लागला. दुपारी दीडला ताई गेली.

संध्याकाळी बाहेर आले तर रस्ते ओले. डबकी. घोंगडी आभाळभर, आठापैकी आठ. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, पहाटेपासून धरलंय, अवकाळी.

वेधशाळेत एक नियम होता. नोंद राहिली तर त्या जागी आडवी रेघ मारायची. तापानं फणफणले असले, घड्याळ बंद पडलं असलं, काहीही असलं तरी रेघ. मागाहून अंदाजानं भरायचं नाही. चौतीस वर्षांत माझ्या नावावर सहा रेघा आहेत. खोटी नोंद एकही नाही. कॉन्व्हेंटात आमच्या मदर म्हणायच्या, अक्षर सुंदर असलं म्हणून खोटं खरं होत नाही. आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीला, तिच्या शेवटच्या सकाळी, न पाहिलेलं आभाळ दिलं. तिनं ते खरं मानून नेलं.

त्याच्या पुढे काय लिहायचं? ज्या वहीत एक नोंद खोटी, ती वहीच खोटी.

आणखी एक. 'हं'नं फेब्रुवारीपासून एकाही नोंदीखाली 'हं' चुकवलेलं नाही. फक्त चौदा मार्चखाली नाही. त्या गृहस्थांच्याही गावात पाऊस असणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पट्टीत दिवसभर काही नव्हतं. हे 'काही नव्हतं' मी खरोखर पाहिलं आणि लिहिलं. इतकं हलकं वाटलं!

रविवार, १६ नोव्हेंबर

केलं.

जुनी नोंद पुसली नाही. पुसणं हे दुसरं खोटं झालं असतं. खाली जोडलं: 'दुरुस्ती. १४ मार्च, सकाळी साडेआठ. आकाश पाहिलं नाही. वर लिहिलेलं निरभ्र आकाश, त्याचा निळा आणि घार ही निरीक्षकानं बहिणीसाठी मनानं रचली. त्या वेळी बाहेर पाऊस होता. नोंद: —'

ती आडवी रेघ तीनदा मारून पाहिली. फोनवर रेघ वाकडी यायचं काय कारण? पण तीनदा मारली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता बेल. सेक्रेटरी. दाढी केलेली, ब्रश नाही. किल्ली पुढे केली.

"अजून पंधरा झाले नाहीत," मी म्हटलं. "आज दहावा."

"माझ्याकडे चष्मा आहे काकू, दिसतंय मला." जायला वळला, जिन्याकडे पाहतच म्हणाला, "मीपण आईला सांगितलं होतं, रिपोर्ट चांगले आलेत." आणि मग एकदम मोठ्यानं, "तारांवर पाय देऊ नका हां! पडलात तर मी उचलायला येणार नाही."

"तू आलास तर मी उठेन तरी का?" मी म्हटलं.

वर गेले. सगळं आभाळ! पंधरा दिवसांनी. एवढं मोठं असतं हे विसरले होते. पॅनेलं ओळीनं उताणी पडलेली, लहानपणी ताई आणि मी पडायचो तशी, आणि प्रत्येकात एकेक तुकडा आभाळ. तीन उशा, एक विस्कटलेली वेणी. आठापैकी दोन. नक्की दोन.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून पन्नास मिनिटं

'हं'चा अभिप्राय आलाय. पहिल्यांदाच 'हं'पेक्षा लांब. गृहस्थ नाहीत ते!

'मी ती केसात पेन खोचणारी नर्स. चौदा मार्चला ड्यूटीवर येताना भिजले होते. ओली छत्री ताईंच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवली. तुमची पाठ होती. छत्री गळत होती आणि तुम्ही निरभ्र सांगत होता. मी बोलणार, तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तुमचा डोळा लागल्यावर हळूच म्हणाल्या, "हिनं जन्मात पहिल्यांदा खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी. कुणी मोडायची नाही हं." म्हणून त्या नोंदीखाली मी काही लिहिलं नाही.'

ताई! तुला ठाऊक होतं? छत्री गळताना दिसत होती, आणि वर तू मला विचारतेस, कसं निळं? मी ती घार रचत असताना तू मजेत ऐकत होतीस? आणि मी आठ महिने—

हे चालायचं नाही. खुलासा हवा, आणि लेखी. मुदत उद्या, बुधवार, सकाळी साडेआठ. मी गच्चीवर आहे, किल्ली माझ्याकडे आहे. एक केसाळ पाठवलास तरी चालेल. वाचता येतं मला.