कंगव्याचा खुलासा मिळावा

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (रिवाज आहे म्हणून घातला. मी वाकलो असा अर्थ कृपा करून काढू नये. कंबर धरली आहे, वाकायचं ठरवलं तरी जमणार नाही.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला तो हलणारा कठडा, तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते कळव. खरं तर तीन महिने एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांनी असल्या चौकशा करू नयेत, पण नमस्कार झाल्या झाल्या भांडायला लागलं तर पत्र फार बोडकं दिसतं. (बोडकं हा शब्द मी स्वतः वापरला आहे. तो वापरायचा हक्क तुला नाही. कारण पुढे येईलच.)

आता मुद्द्यावर येतो. परवाच्या रविवारचं शब्दकोडं मी सोडवलं. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की हे विशेष कोडं आहे, यातले महत्त्वाचे शब्द एकाच वस्तूभोवती फिरतात आणि ती वस्तू अगदी मधल्या तीन घरांत बसली आहे. खाली तुझं नाव नव्हतं. पण तू एकोणीस वर्षं त्यांची कोडी रचलीस, त्या पेपरवाल्यांनी तुझं नाव कधी छापलंय? संपादकांनी तुला तीन महिने घरी बसवलं, आता परत बोलावलेलं दिसतंय, त्याबद्दल अभिनंदन. (मनापासून. एवढं एकच वाक्य मनापासून आहे.) पण परत आल्या आल्या अख्ख्या गावासमोर सख्ख्या भावाचं धोतर फेडायचं, तेही आडव्या-उभ्या घरांतून, हे काही मला आवडलेलं नाही. तुला वाटलं असेल, हा दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांचे नंबर काढत बसलेला माणूस, याला काय कळतंय? सगळं कळलं. शब्दन् शब्द उलगडून दाखवतो, म्हणजे मागाहून मी असं म्हटलंच नव्हतं म्हणायची तुला सोय राहणार नाही.

त्याआधी झाल्या प्रकाराची नोंद करून ठेवतो, कारण तू तो सगळ्यांना तुझ्या पद्धतीने सांगत फिरतेस. चार महिन्यांपूर्वी तू नवा चष्मा करायला माझ्या दुकानात आलीस. फ्रेम नाकावर चढवून आरशासमोरच्या स्टुलावर बसलीस आणि काही केल्या तिथून हलेनास. शिवाय बसल्या बसल्या तुझ्या कोड्यातला एक अडलेला शब्द मला विचारत होतीस, मी सांगितलेलं प्रत्येक उत्तर नाक मुरडून परत करत होतीस, आणि मी बिचारा तुझ्यामागे उभा राहून आरशात बघून फ्रेमच्या काचांवर खुणा करत होतो, उजव्या काचेवर ‘उ’, डाव्या काचेवर ‘डा’. अठ्ठावीस वर्षं करतो तसंच. चष्मा तयार झाला, तू घेऊन गेलीस, आणि पुढच्या दोन्ही रविवारी तुझ्या कोड्यातली काळी घरं एकेक रकाना सरकून छापली गेली. लोकांची पत्रं आली. संपादकांनी तुला विश्रांती घ्यायला सांगितलं. एकोणीस वर्षांचं कोडं एका निरोपात बंद झालं, याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तू सरळ येऊन चष्मा माझ्या काउंटरवर आपटलास आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलंस, तेही दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना. मी म्हणालो, चष्म्यात काही नाही, वय झालंय. त्यावर तू जे म्हणालीस ते मी लिहीत नाही. पोस्टमन आपल्या ओळखीचा आहे.

आता कोडं. तीन आडवा: ‘काम आणि चहा, दोन्ही अर्धवट टाकले, हात लावाल तर कापेल.’ कामातलं का, चहातला च: काच. म्हणजे मी तुझ्या काचा बसवताना मध्येच चहा प्यायला गेलो आणि काम अर्धवट टाकलं, असं सुचवायचंय ना? त्या दिवशी चहा तू प्यायलीस, दोन वेळा. माझा निवून गेला. पाच उभा: ‘उशिराचं तोंड, त्याला केसांची बट, सगळंच विरुद्ध.’ उशिराचा उ, बटेला दुसरा शब्द लट: उलट. हा तर सरळसरळ आरोप आहे, की काचा उलटसुलट बसल्या. पुरावा काय? नऊ आडवा: ‘चौकाच्या पुढे टपरीचं टोक, चित्राला चारी बाजूंनी आधार.’ चौक आणि ट, चौकट. चष्म्याची चौकट. माझं दुकान चौकाच्या पुढे आहे आणि शेजारी टपरी आहे, म्हणजे पत्तासुद्धा छापून टाकलास. उद्या गिऱ्हाइकं कोडं हातात धरून भांडायला आली की त्यांना तुझ्याकडे पाठवतो.

बारा उभा: ‘पायाने आणि रागाने सुरुवात, तापात चढतो.’ पा, रा, पारा. कोणाचा पारा चढला होता, मला वाटतं, त्या दोन गिऱ्हाइकांनाही विचारायला हरकत नाही. (त्यातले एक गृहस्थ परत आलेच नाहीत. त्यांची फ्रेम अजून पडून आहे.) चौदा आडवा: ‘तडाखा शेवटी चुकला, तरी भेग पडलीच.’ तडाखा या शब्दाचं शेवटचं अक्षर काढलं की उरतो तडा. हे सोडवताना मात्र पेन्सिल थोडी थांबली, खोटं कशाला सांगू. आपल्यात तडा पडलाय हे तू असं छापून सांगशील असं वाटलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं असतंस तर मी दार उघडलं असतं. थोडं थांबवलं असतं, पण उघडलं असतं.

आणि आता सात आडवा. इथे मात्र तू हद्द केलीस. ‘कंजुषाचं तोंड आणि रानातलं मोठं जनावर, दात आहेत पण चावत नाही.’ कं आणि गवा, कंगवा. ताई, कंगव्याचा चष्म्याशी काय संबंध? मी सोमवारभर विचार केला. एका बाईंचा नंबर तपासताना विचार केला आणि त्यांना खालची ओळ वाचायला सांगायचं सोडून, तुम्ही कंगवा कोणता वापरता, असं विचारलं. दुसरा कुठलाही अर्थ निघत नाही. हा माझ्या टकलावर आहे. काच, चौकट, उलट हे मी धंद्याची टीका म्हणून सोसलं, पण कंगवा हा व्यक्तिगत हल्ला आहे. जागा मोकळी दिसली म्हणून कोणीही यावं आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटावेत? शिवाय कंजूष आणि रानटी जनावर ही दोन विशेषणं वर फुकट. याचा लेखी खुलासा मला मिळाला पाहिजे.

मधली तीन घरं मी रिकामी ठेवली आहेत. सुचलं नाही म्हणून नव्हे. तत्त्व म्हणून. सूचना अशी आहे: ‘आपण रडून सावरलो, प्रत्येकाची सुरुवात पुरे, समोर उभा राहील त्यालाच दाखवतो.’ इतके सगळे बाण माझ्या दिशेने आल्यावर मधोमध काय बसवलं असशील हे मला न सोडवताही कळतं, आणि स्वतःच्या हाताने ते तिथे लिहायला मी काही इतका खुळा नाही. सोमवारी थोडा प्रयत्न केला होता, मंगळवारीही केला. तो फक्त तुझी चाल समजून घ्यायला.

तेव्हा माझं शेवटचं सांगणं ऐकून ठेव. मी माफी मागणार नाही. तू आपटलेला तो चष्मा काउंटरच्या डाव्या खणात जसाच्या तसा पडला आहे आणि तसाच पडून राहील. नंबर मोजायचं यंत्र त्या खणापासून दोन हातांवर आहे, तपासायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पण तपासणं म्हणजे संशय घेणं, आणि माझ्या कामावर संशय घ्यायचा हक्क मी मलासुद्धा देत नाही.

कळावे. लोभ ठेवायचा की खणात टाकायचा, हे तुझं तू ठरव.

तुझा (हे माझ्या हातात नव्हतं) धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. तिने आयुष्यात कधी कोडं सोडवलेलं नाही, हे तुला माहीतच आहे. ती दुकानात फडकं घेऊन पुसापुशी करत होती. मधल्या घरांची सूचना मोठ्याने वाचली, आपणचा आ, रडूनचा र, सावरलोचा सा, असं बोटांवर मोजलं आणि हातातल्या फडक्याने समोर दाखवलं. आरसा. काच, चौकट, त्यात दिसणारं उलट, मागे लावलेला पारा, जुना झाला की जाणारा तडा. आणि समोर कंगवा. ताई, या दुकानात अकरा आरसे आहेत. मी तीन दिवस त्यांच्या मधोमध बसून होतो. तिने अकराही पुसून घेतले, माझ्या समोरचा दोनदा, म्हणून जास्त लागलं.

आणखी एक ता. क. मग तिने मला न विचारता भाऊजींना फोन लावला. कळलं ते असं, की संपादकांनी तुला परत बोलावलेलंच नाही. कोडं एका नव्या माणसाने रचलंय, शाळेत गणित शिकवतो म्हणे, त्याला तुझी माहिती नाही आणि माझ्या टकलाची तर मुळीच नाही. पुढचं भाऊजींनी खोकत खोकत सांगितलं, आणि तो खोकला नव्हता, हसू होतं. तूही ते कोडं भिंग धरून सोडवलंस, आणि तुझी खात्री झाली की तुझी जागा मिळवून ते मीच रचलंय, तुला टोचायला. उलट म्हणजे तुझा उलटा स्वभाव, पारा तुझा, आणि कंगवा तुझ्या विरळ झालेल्या केसांवर. तूही मला पत्र लिहायला घेतलंयस, चार पानं झालीत आणि कंगव्यालाच दीड पान लागलंय. माझा कंगवा एका परिच्छेदात आटोपला, हे लक्षात असू दे.

शेवटचा ता. क. खण उघडला. (पेन काढायला. पेन त्या खणात नसतं, तो भाग सोड.) चष्मा यंत्राखाली धरला. उजव्या डोळ्याची काच डावीकडे आहे आणि डाव्याची उजवीकडे. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला येतो, तशी अठ्ठावीस वर्षांची सवय झाली आहे. त्या दिवशी मी तुझ्यामागून आरशात बघत होतो, तिथे उजवा डोळा माझ्या उजव्याच हाताला दिसतो, आणि मी सवयीने डावीकडच्या काचेवर ‘उ’ लिहिला. चूक माझी आहे. तुझं वय झालेलं नाही. हे मी संपादकांनाही लिहिलं, दुकानाच्या शिक्क्यानिशी, आणि ते पाकीट या पत्राच्या आधी टपालात टाकलं, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. काचा बदलून चष्मा सोबतच्या डबीत ठेवला आहे. या वेळी ‘उ’ आणि ‘डा’ पुसलेले नाहीत, तू स्वतः ताडून बघ आणि मग पूस.

वरचं सगळं खोडायला हवं होतं, पण इतकं चांगलं भांडण पुन्हा सुचणार नाही, म्हणून राहू दिलं. तुझी चार पानंही फाडू नकोस. घेऊन ये, इथे बसून वाच, मी मध्ये बोलणार नाही. फक्त पुन्हा कोडं रचायला बस, ताई. या गणितवाल्याचं कोडं, मधली तीन घरं सोडली, तर पाऊण तासात संपतं. तुझ्याला मला गुरुवार उजाडायचा, आणि चार दिवस तुझ्याशी भांडत बसल्यासारखं वाटायचं.